चार नऊ आणि एक वास: झिंक ऑक्साइडच्या एका पावडरीची तपासणी

पार्श्वभूमी

ही हकिगत झिंक ऑक्साइडच्या पावडरीची आहे. पावडर बनवणारी एक छोटी प्रयोगशाळा आणि तिच्यापासून पेलेट, म्हणजे छोट्या वड्या, दाबून भाजणारा सिरॅमिकवाल्यांचा एक गट, एवढीच मंडळी त्यात आहेत. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मी बनवणाऱ्यांच्या बाजूला होतो, त्यामुळे चूक कुणाची हे शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

आमची मूळ पद्धत साधी होती. झिंक नायट्रेटच्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइडचे (अल्कलीचे) द्रावण थेंब थेंब सोडायचे, पीएच ८ ला पोचला की थांबायचे, पांढरा अवक्षेप (खाली बसणारा साका) गाळून भरपूर धुवायचा, ११० अंश सेल्सिअसला सुकवायचा आणि ५०० अंशांवर तीन तास भाजायचा. भट्टीतून काढलेली पावडर पिवळसर दिसते आणि निवताना डोळ्यांदेखत पांढरी होते. नवीन माणूस पहिल्या वेळी हमखास घाबरतो, पण झिंक ऑक्साइड तापल्यावर पिवळे पडतेच, त्यात अशुद्धीचा संबंध नाही.

नायट्रेटचा त्रास दोन प्रकारचा होता. एक म्हणजे ते हवेतला ओलावा इतका ओढते की बाटली दोनदा उघडली की तिसऱ्यांदा वजन करताना चमच्याला लगदा लागतो. दुसरे म्हणजे, अवक्षेपात राहिलेले नायट्रेट भाजताना तपकिरी धूर सोडते. म्हणून आम्ही झिंक सल्फेटवर आलो. ते कोरडे राहते, सहज मोजता येते, धूर नाही. बाकी कृतीत काहीही बदलले नाही. तपासण्याही त्याच ठेवल्या, आणि या प्रकरणाची सुरुवात खरे तर तिथेच झाली. त्या दिवशी मात्र कुणालाच तो निर्णय वाटला नव्हता.

तपासण्या चार होत्या: एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरूप पदार्थ ओळखणे), ईडीटीए टायट्रेशन (झिंकला बांधून घेणारे ईडीटीए किती लागले त्यावरून झिंक मोजणे), धातूंच्या अंशांसाठी आयसीपी (तप्त प्लाझ्मातल्या प्रकाशावरून मूलद्रव्ये मोजणारे यंत्र), आणि ५०० अंशांवर तापवून होणारी वजनघट. चारही पास झाल्या की बाटलीवर ‘९९.९९ टक्के’, म्हणजे चार नऊ, अशी चिठ्ठी लागायची.

तक्रार

सल्फेटच्या काही बॅचेस गेल्यावर फोन आला. पेलेट ११०० अंशांना भाजली की फुगतात. काहींच्या पृष्ठभागावर फोड येतात, काही उभ्या तडकतात. एक कापून पाहिली तर आतून जाळीदार निघाली. झिंक ऑक्साइडची सैद्धांतिक घनता ५.६१ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. नायट्रेटच्या काळात त्यांना तिच्या ९७ टक्क्यांपर्यंत घनता मिळायची, आता ८८ च्या पुढे जाईना.

फोन ठेवता ठेवता पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “आणि हो, भट्टी उघडली की विझवलेल्या काडीसारखा वास येतो हल्ली.” मी ते वहीत लिहून घेतले. तक्रारीच्या पानावर, अगदी खाली, कंसात.

पहिले तीन आठवडे

पेलेट फुगली म्हणजे आत वायू अडकला, एवढे उघड होते. वायू कुठून आला हा प्रश्न, आणि आम्ही त्याचे उत्तर त्यांच्या घरात शोधले. दाबण्यापूर्वी ते पावडरीत बाइंडर, म्हणजे कण चिकटवून ठेवणारे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, मिसळत. ते नीट जळून गेले नाही तर असे होऊ शकते. आम्ही सुचवले की ५०० अंशांवर तासभर थांबा, मग वर जा. त्यांनी तसे केले, फरक पडला नाही. मग तापवण्याचा वेग कमी करायला सांगितला. तडे थोडे कमी झाले, फुगणे तसेच राहिले. शेवटी त्यांनी बाइंडर न घालता नुसती पावडर दाबली. तीही फुगली. इथेच आमचा मुद्दा संपायला हवा होता.

त्याऐवजी आम्ही दळण्याकडे वळलो. पावडर झिर्कोनियाच्या गोळ्यांबरोबर फिरवली जायची, तेव्हा गोळ्यांची झीज मिसळत असेल असा तर्क झाला. तो अगदीच वाया गेला नाही, कारण त्यामुळे आयसीपीचा नमुना कसा तयार होतो हे मी बऱ्याच दिवसांनी शेजारी उभे राहून पाहिले. झिंक ऑक्साइड आम्लात झटकन विरघळते, झिर्कोनिया किंवा अल्युमिना विरघळत नाही. फ्लास्कच्या तळाशी चिमूटभर गाळ राहिला आणि वरचे निवळ द्रावण यंत्राला दिले, तर यंत्र त्या गाळाबद्दल अवाक्षर काढणार नाही. आमच्या फ्लास्कमध्ये गाळ नव्हता. दळणे निर्दोष सुटले आणि तीन आठवडे गेले.

कागदावर सगळे ठीक का दिसत होते

प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या एका सहकारी बाईंनी तक्रारीचे पान वाचले आणि विचारले, “सर, हा वास गंधकाचा असणार. आपल्या चार तपासण्यांपैकी गंधक कुठली पाहते?”

सल्फेटमध्ये गंधक असते, आणि उत्तर होते, एकही नाही. ते मान्य करायला मला अर्धा दिवस लागला, कारण प्रत्येक तपासणीवर माझा वेगळा विश्वास होता.

एक्सआरडीत झिंक ऑक्साइडच्या तीन ठळक शिखा तांब्याच्या क्ष-किरणांना ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांच्या आसपास येतात. त्या आल्या, इतर काही दिसले नाही, म्हणून आम्ही ‘एकच प्रावस्था’, म्हणजे एकच पदार्थ, असे लिहायचो. पण घाईच्या स्कॅनमध्ये एक-दोन टक्क्यांची दुसरी प्रावस्था पार्श्वभूमीच्या खरखरीत सहज बुडते, आणि जे स्फटिकरूप नाही त्याची शिखा येतच नाही. आम्ही तोच नमुना नंतर खूप सावकाश चालवला, तेव्हा ३१.८ अंशांच्या अलीकडे, जिथे झिंक ऑक्साइडची एकही शिखा नसते तिथे, दोन-तीन बुटके उंचवटे दिसले. आधीच्या आलेखातही ते होते, पण आहेत हे कळल्यावरच डोळ्यांना दिसले.

टायट्रेशनची गंमत आणखी बारीक आहे. पीएच १० च्या अमोनिया बफरमध्ये एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा दर्शक घालून ईडीटीए सोडायचे, मद्यासारखा लाल रंग निळा झाला की थांबायचे. ०.०५ मोलर ईडीटीएचा एक मिलिलिटर म्हणजे ४.०६९ मिलिग्रॅम झिंक ऑक्साइड. हा हिशेब चोख आहे, फक्त तो झिंक मोजतो, ऑक्साइड नाही. झिंक ऑक्साइडमधला असो की झिंक सल्फेटमधला, ईडीटीएला फरक कळत नाही. पावडरीत १.६ टक्के झिंक सल्फेट असेल, तर त्यातले झिंक ०.८ टक्के ऑक्साइड म्हणून जमेला धरले जाते आणि उत्तर ९९.२ येते. आमचे ९९.२ च आले होते. अमेरिकी औषधकोशातली झिंक ऑक्साइडची मर्यादा ९९.० ते १००.५ टक्के, तेव्हा तेही पास.

आयसीपीचे ‘९९.९९’ तर वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर होते. यादीतल्या धातूंचे अंश मोजायचे, त्यांची बेरीज १०० मधून वजा करायची, उरले ते शुद्धता. सल्फेट, कार्बोनेट, क्लोराइड, पाणी यांपैकी काहीच त्या वजाबाकीत येत नाही. बाजारातल्या बाटल्यांवरही बऱ्याचदा ‘धातूंच्या आधारे’ असे बारीक अक्षरात छापलेले असते, आम्ही ते अक्षरही छापत नव्हतो. आमच्या यंत्राला गंधक दिसू शकत होते. त्याच्या रेषा १८० ते १८२ नॅनोमीटरला असतात, तिथे हवाच प्रकाश शोषते म्हणून प्रकाशमार्गात आर्गॉन किंवा नायट्रोजन सोडावा लागतो. पण गंधक यादीतच नव्हते.

राहिली वजनघट. नायट्रेटच्या काळात ती उत्तम तपासणी होती. अल्कली हळूहळू सोडली की तेव्हाही मूळ मीठ अवक्षेपात अडकायचेच, झिंकचे बेसिक नायट्रेट (हायड्रॉक्साइड आणि नायट्रेट एकत्र असलेले मीठ) बनायचे. पण ते ४०० अंशांच्या आत फुटून जाते, आणि राहिलेच तर ५०० अंशांची वजनघट ते पकडते. झिंक सल्फेटला मात्र ५०० अंश म्हणजे काहीच नव्हे. ते हवेत पूर्ण फुटायला ९०० अंशांच्या आसपास जावे लागते. ज्या तापमानाला पावडर भाजली, त्याच तापमानाला वजनघट मोजायची, म्हणजे आम्ही चोराच्या हाती किल्ली देऊन कुलूप तपासत होतो.

खात्री

पुढचे काम दोन तासांचे होते. चिमूटभर पावडर विरळ हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवली, द्रावण पाण्यासारखे निवळ झाले. शेजारी नुसत्या आम्लाची दुसरी परीक्षानळी ठेवली. दोन्हींत बेरियम क्लोराइडचे चार-चार थेंब; सल्फेट असेल तर त्याने न विरघळणारा पांढरा साका होतो. आम्लाची नळी तशीच राहिली. पावडरीच्या नळीत थेंब पडला तिथे आधी धुरकट दोरा उतरला, मग नळी हलवताच सगळे दुधासारखे झाले. मागे धरलेल्या कागदावरची अक्षरे दिसेनात.

मग आकड्यांत मोजले. ५०० अंशांना स्थिर वजनावर आणलेली पावडर अल्युमिनाच्या मुशीत ९५० अंशांना तापवली, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) निववली, तोलली. घट ०.८० टक्के. तुलनेला नायट्रेटच्या काळातला नमुना घेतला, त्याची घट ०.०६. ही घट सल्फर ट्रायऑक्साइडची धरली तर पावडरीत १.६ टक्के झिंक सल्फेट होते, म्हणजेच ०.९६ टक्के सल्फेट. पडताळणीसाठी २ ग्रॅम पावडरीतले सल्फेट बेरियम सल्फेट म्हणून गाळून तोलले. ४६ मिलिग्रॅम भरले, म्हणजे ०.९५ टक्के. दोन स्वतंत्र वाटांनी एकच आकडा आला की वाद उरत नाही.

फुगण्याचेही कोडे सुटले. झिंक ऑक्साइडची बारीक पावडर ज्या तापमानपट्ट्यात घट्ट होत जाते आणि तिची छिद्रे बंद होऊ लागतात, त्याच पट्ट्यात सल्फेट फुटून वायू सोडते. दार लागत असताना आतून कुणी बाहेर पडू पाहावे, तसे.

एक चुकलेली बॅच

जपून ठेवलेल्या नमुन्यांपैकी सल्फेटपासून बनवलेल्या सहाही बॅचेसना बेरियमची परीक्षा लावली. पाच नळ्या दुधाळ झाल्या, एक जवळजवळ निवळ राहिली. त्या दिवसाची नोंदवही काढली. मदतनिसाने पेन्सिलीने लिहिले होते: ‘आज उलटे ओतले गेले. झिंक अल्कलीत. माफी.’

त्या ‘माफी’ने मला या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट शिकवली. झिंक सल्फेटमध्ये अल्कली हळूहळू सोडताना पीएच ६ च्या आसपास बराच वेळ अडून बसतो. त्या काळात जे खाली बसते ते हायड्रॉक्साइड नसते, ते झिंकचे बेसिक सल्फेट असते: चार झिंकमागे सहा हायड्रॉक्सिल आणि एक सल्फेट. त्याच्या पातळ चकत्या असतात आणि ढवळताना बीकरमध्ये रेशमासारखी झळाळी फिरते. ती झळाळी आम्ही सगळ्यांनी पाहिली होती, ‘छान अवक्षेप’ म्हणून कौतुकही केले होते. उलटे ओतले, म्हणजे झिंक थेट अल्कलीत पडले, तर पीएच त्या पायरीवर कधी थांबतच नाही आणि बेसिक सल्फेटला बनायला वावच मिळत नाही.

ती बॅच दुसरीकडे गेली होती. तिथून तक्रार आली नव्हती, हेही आम्ही कधी विचारात घेतले नव्हते.

पर्याय

सगळ्यात आधी जास्त धुण्याचा विचार झाला, कारण तो फुकट होता. धुण्याच्या पाण्याची विद्युतवाहकता ३० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या खाली जाईपर्यंत आम्ही आधीही धूत होतोच, आता दुप्पट धुतले. सल्फेट हलले नाही. पृष्ठभागाला चिकटलेले मीठ पाण्याने जाते, स्फटिकाच्या रचनेतच बसलेले सल्फेट जात नाही. वाहकतेचा आकडा काय बाहेर पडते ते सांगतो, काय आत राहिले ते नाही.

दुसरा पर्याय होता ९५० अंशांना भाजण्याचा. सल्फेट नक्की गेले असते, पण बरोबर बारीक कणही गेले असते. पावडर दाणेदार होऊन पुढे नीट घट्ट झाली नसती. शिवाय सल्फरचे वायू भट्टीच्या तारा खातात आणि खोलीत माणसे असतात. नायट्रेटवर परतायचा रस्ता खुला होता. त्याचे जुने त्रास ठाऊक होते आणि निदान तपासण्या त्याला बेतलेल्या होत्या. ऑक्झलेटच्या मार्गावर अर्धा तास चर्चा झाली, पुढे काही झाले नाही.

सगळ्यात आकर्षक वाटला तो उलटा क्रम, कारण तो फुकट सापडला होता. पण त्याला दोन काठ होते. अल्कली फार तीव्र असेल, पीएच १२-१३ च्या वर, तर झिंक परत विरघळून झिंकेट बनते आणि गाळणीतून निघून जाते. आणि गरम, तीव्र अल्कलीत झिंक ऑक्साइडचे कण सुईसारखे, फुलासारखे वाढतात. अशी पावडर साच्यात नीट भरत नाही. सोडियमचाही अंश मागे राहतो.

काय केले

आम्ही क्रम उलटाच ठेवला, पण अल्कली बदलली. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात झिंक सल्फेट सावकाश सोडायचे आणि पीएच ७.५ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. खाली बसतो तो झिंकचा बेसिक कार्बोनेट. तो २५० अंशांच्या आसपास फुटतो, म्हणून ४५० अंशांना भाजणे पुरेसे होते. सोडियमचा प्रश्न मिटला, अमोनियम काही राहिले तर ते उडून जाते. द्रावण गरम करायचे नाही, नाहीतर बायकार्बोनेटच फुटून जाते. हे पहिल्या खेपेला आम्ही विसरलो आणि बीकर फसफसून टेबलावर आला.

किंमत मोजावी लागलीच. अमोनिया झिंकला थोडे विरघळवून धरतो, त्यामुळे गाळलेल्या पाण्यात झिंक जाते. उत्पादन सुमारे ४ टक्क्यांनी घटले आणि ते पाणी तसेच ओतून देता येत नाही म्हणून त्यावर वेगळी प्रक्रिया आली. माझ्या मते सौदा ठीक होता, हिशेब ठेवणाऱ्यांच्या मते नव्हता.

वापरणाऱ्या गटाला मूळ कारण, दोन्ही आकडे आणि कुठल्या बॅचेस बाधित आहेत ते लेखी कळवले. तीन आठवडे त्यांच्या बाइंडरला दोष दिला, हेही त्यात लिहिले. उरलेल्या पाच बॅचेस परत घेतल्या.

निकाल

नव्या पावडरीची ५०० ते ९५० अंशांमधली घट ०.०५ टक्के आली. बेरियमची नळी निवळ राहिली, कागदावरची अक्षरे वाचता आली. पेलेटची घनता पहिल्या खेपेला ९५ टक्के, दळण्याचा वेळ जुळवल्यावर ९७. वास गेला.

चिठ्ठीही बदलली. आता तिच्यावर एकच आकडा नसतो. धातूंचे अंश वेगळे, सल्फेट वेगळे, वजनघट दोन तापमानांना वेगळी. एका जुन्या ग्राहकाने विचारले की चार नऊ कुठे गेले, आणि ते पहिल्यापासून काय मोजत होते हे समजावण्यात बराच वेळ गेला. त्यांनी ती ऑर्डर दुसरीकडे दिली.

आज पुन्हा करायचे झाले तर

कच्चा माल बदलला त्याच दिवशी तपासण्यांची यादी समोर घेऊन बसेन आणि एकच विचारेन: नव्या मिठातला कोणता भाग मागे राहू शकतो, आणि तो यांपैकी कुठल्या तपासणीला दिसतो? क्लोराइड वापरले असते तर झिंकचे बेसिक क्लोराइड असेच अडकले असते, आणि मग बेरियमऐवजी सिल्व्हर नायट्रेट लागले असते, तेही नायट्रिक आम्लात विरघळवून. हायड्रोक्लोरिक घेतले तर परीक्षाच निरर्थक.

बाइंडरशिवाय दाबलेली पेलेट फुगली, तिथेच त्यांची बाजू संपली आणि आमची सुरू झाली होती. दळण्याचा तपास मी त्यानंतर ठेवेन, आधी नाही.

आणि नमुने. जपून ठेवलेले सहा नमुने नसते तर उलटी ओतलेली बॅच कधी सापडलीच नसती. त्या मदतनिसाला आम्ही नंतर सांगितले की तुझ्या चुकीमुळे काम झाले. त्याने वही मागून घेतली, ‘माफी’ हा शब्द खोडला, आणि विचारले की मग आता रोज असेच ओतायचे का.